मडक्यातलं नाव

वाटेत कुणी नसताना बाजूला कसं उभं राहायचं, हे मला आजानं शिकवलं.

पुढं तो, मागं पंचवीस-तीस पाहुणे आणि सगळ्यात शेवटी मी, असे आम्ही गल्लीतून निघायचो. मध्येच तो थांबायचा, काठी आडवी धरायचा आणि सगळ्यांना कुडाच्या भिंतीला टेकून उभं करायचा. नागपूरच्या बाया, गॉगल लावलेले त्यांचे नवरे, सगळे मुकाट्यानं भिंतीला पाठ लावून उभे. समोरून कुणी यायचं नाही. कुत्रंसुद्धा नाही. थोड्या वेळानं आजा मान हलवायचा, "गेले," म्हणायचा आणि चालू लागायचा. कुणी हसलं तर तो रागवायचा नाही. मीच रागवायचो. मला वाटायचं, या म्हाताऱ्यापायी आपल्या सहलीचं हसं होणार.

आपली सहल म्हणतो खरा, पण सहल गावाची. माझं साकोलीला बस स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान. नागझिऱ्याच्या जंगलाकडं जाताना हे गोंडांचं गाव लागतं. वाघ बघायला जाणाऱ्या गाड्या दारावरून धूळ उडवत जायच्या. गावानं बैठक घेऊन ठरवलं, की यांना एक दिवस आपल्याकडं थांबवू. आपली घरं, आपलं जेवण, आपला नाच आपणच दाखवू, बाहेरच्या कुणी येऊन दाखवायला नको. समितीची अध्यक्ष शेवंता पत्रक छापायला माझ्याकडं आली. मी पत्रकातल्या चुका काढल्या, मग फोनवर पाहुण्यांची नावं घ्यायला लागलो, आणि मग दर रविवारी गटाबरोबर जाऊन माहिती द्यायला लागलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. स्वभाव आहे माझा, दुसऱ्याच्या वरातीत नवरदेवाच्या पुढं नाचायचा.

आजा म्हणजे शेवंताच्या आजोबांचा भाऊ. बायको जाऊन जमाना झालेला, पोरंबाळं नाहीत. उंच, वाळका, आणि ऐन मे महिन्यातसुद्धा अंगात निळं लोकरीचं स्वेटर. हातात दोन काठ्या. एक टेकायला. दुसरी काहून म्हणून विचारलं, तर म्हणायचा, कोनाले लागली तर. पाणी प्यायचा त्या आधी पहिला घोट जमिनीवर सांडायचा आणि दोनदा खोकायचा. आधी त्याइले, मग आपल्याले, असं त्याचं म्हणणं. 'ते' कोण, हे तो पाहुण्यांना सांगायचा नाही आणि पाहुण्यांनी विचारलेलं मला आवडायचं नाही.

एकदा नागपूरच्या एका रिटायर झालेल्या साहेबांनी त्याला छेडलंच. हे सगळं तुम्ही खरंच मानता का, असा त्यांचा प्रश्न होता. आजानं त्यांच्याकडं बघितलं आणि उलटं विचारलं, की तुमच्या घरचे मेलेले कुठं रायतात? साहेब म्हणाले, फोटो आहेत ना, हॉलमध्ये. आजा म्हणाला, बरं. मग विचारलं, त्याइले पानी कोन देते? साहेब उठून जेवायला गेले. जाताना मला हळूच म्हणाले, पुढच्या वेळी या माणसाला जरा आवरा. मी हो म्हटलं. त्याला आवरणारा मी कोण होतो, देव जाणे.

आता माझ्या चुकीकडं येतो. टाळून काही उपयोग नाही.

त्या गावात माणूस गेला की दिवस झाल्यावर घरचे त्याला परत आणतात. गावाच्या बोडीवर, म्हणजे शेताजवळच्या लहान तलावावर जायचं, मेलेल्याचं नाव घेऊन हाक मारायची आणि मडकं पाण्यात बुडवायचं. जो जीव पहिल्यांदा मडक्यात येईल, मासोळी असो की पाण्यातला किडा, तो म्हणजे आपलं माणूस. त्याला घरी आणून पुरख्यांच्या, म्हणजे वाडवडलांच्या जागी, घराच्या आतल्या कोपऱ्यात ठेवायचं. हे मला शेवंतानं सांगितलं आणि मी वेडा झालो. नाच काय सगळीकडं असतो, पण हे कुठं बघायला मिळणार? समितीचा ठराव स्पष्ट होता, मरणातलं काही पाहुण्यांना दाखवायचं नाही. मी दोन महिने त्यांच्या मागं लागलो. खोटं खोटं दाखवा, नाटकासारखं, असं म्हणत राहिलो. शेवटी माझी भुणभुण थांबावी म्हणून असेल, बैठकीनं एकदा करू म्हटलं. आजा त्या बैठकीत सगळ्यांकडं पाठ करून बसला होता. गाव म्हणते तर हाक मी मारीन, म्हणाला. पण नाव कोनाचंच नसावं. जित्याचं नाही, मेल्याचं नाही. असं नाव शोधून आणायचं काम माझ्याकडं आलं.

आणि मी विसरलो. त्या रविवारी मोठी बस आली होती, ती वळवायला जागा नव्हती, त्या गडबडीत मी ड्रायव्हरवर ओरडत बसलो. बोडीवर पोचलो तेव्हा तीस मोबाइल वर झाले होते. आजा गुडघाभर पाण्यात उभा, हातात मडकं. त्यानं मान वळवून मला विचारलं, "नाव?"

मला एकही नाव सुचेना. खरं सांगतो, जगातली सगळी नावं डोक्यातून निघून गेली. आणि तोंडातून निघालं, चिंधू.

माझ्या आधी आईची दोन लेकरं गेली होती. म्हणून तिनं माझं नाव चिंधू ठेवलं. चिंधीसारखं टाकाऊ नाव ठेवलं की मरणाची नजर जात नाही, अशी आमच्याकडची समजूत. शाळेत घातलं तेव्हा दुसरं, चांगलं नाव लागलं. बाबा लवकर गेले, आई गेली त्यालाही बरीच वर्षं झाली, आणि ते नाव जाणणारं माणूसच उरलं नाही. माझ्या बायकोलाही माहीत नाही. त्यामुळंच असेल, त्या घटकेला मला ते कुणाचंच नाही असं वाटलं.

आजानं तीनदा हाक मारली. "चिंधू, चाल बा घरी." असा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता, रुसलेल्या लेकराला घ्यायला आल्यासारखा. मडकं बुडवलं. शेवंता सांगायची, खऱ्या कामात सकाळची दुपार होते, मडकं पुन्हा पुन्हा बुडवावं लागतं. इथं पहिल्याच वेळी बोटाएवढी मासोळी आली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आजा मडक्यात बघत राहिला आणि मग पाण्यातूनच माझ्याकडं आला.

"हा कोन हाय?"

मी म्हटलं, कोणी नाही आजा, खोटं नाव आहे.

"कोनी नसता तर आला नसता. जिता हाय का मेला?"

मी हसलो. लोक बघत होते, लाज वाटली, हसलो. एक बाई म्हणाली, बिचारीला सोडून द्या आता पाण्यात. आजानं नाही म्हटलं. घरी चाल म्हणून बोलावलेल्याले दारातून कसं लोटाचं? मडक्यावर मातीचं झाकण ठेवून तो घरी गेला आणि पुरख्यांच्या जागेपासून जरा बाजूला, कोपऱ्यात त्यानं ते ठेवलं. त्या दिवसापासून तो रोज पाणी बदलायचा आणि जेवताना पळसाच्या दोन्यात चिमूटभर भात मडक्याजवळ ठेवायचा. चार वर्षं. मासोळी मडक्यात चार वर्षं जगते का, हे मला विचारू नका.

तेव्हापासून आई स्वप्नात येईना. आधी यायची, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा. काही बोलायची नाही, फक्त त्या नावानं हाक मारायची आणि मला जाग यायची. ते बंद झालं. मी म्हटलं, वय झालं, झोप कमी झाली. पुढं एका पावसाळ्यात मला डेंग्यू झाला, भंडाऱ्याला दवाखान्यात होतो, घसा सारखा कोरडा पडायचा. शेवंताचा फोन आला. आजा दोन दिवस तापानं पडून होता, म्हणाली, आज उठला आणि मला, म्हणजे त्याच्या बाबूला, निरोप द्यायला सांगितला: बाबूले सांग, पानी बदललं, आता बरं वाटन. मला बरं वाटलं. सलाईन चालू होतं, त्यानंच वाटलं असणार, असं मी बायकोला दोनदा सांगितलं. तिनं मला काही विचारलं नव्हतं.

गावजेवणाला आजा आता पंगतीत बसत नव्हता. एकटा आवारात, जमिनीवर. कुणी बोलावलं तर म्हणायचा, हिशेब लागला नाही अजून. लोक म्हणायचे, बुढा चळला. मला शेवंतानं सांगितलं, की हा गावाचा नियम नाही, त्याचा स्वतःचा आहे. त्याच्या तोंडून जित्या माणसाचं नाव गेलं असेल तर त्यानं एक माणूस त्याच्या घरातून उचलून आणलाय, आणि मग उद्या आजा मेल्यावर त्याचे पुरखे त्याला आपल्यात घेणार नाहीत, असं त्याच्या मनानं घेतलंय. दर रविवारी पाहुणे जेवायला बसले की तो माझ्याजवळ येऊन तेच विचारायचा. सांगतं का बाबू, जिता का मेला? आणि मी दर रविवारी म्हणायचो, खोटं नाव होतं हो आजा.

एक वाक्य बोलायचं होतं. ते मी चार वर्षं बोललो नाही. गाव मला दारात उभं करणार नाही, याची भीती होती. एका म्हाताऱ्याला जमिनीवर एकटं जेवताना बघत मी पंगतीत लाखोळीची डाळ वाढून घेत होतो. माझी मलाच शिसारी येते.

गेल्या वर्षी मार्चमध्ये, मोहफुलं अंगणात वाळत पडली होती तेव्हा, तो अंथरुणाला लागला. पाहुणे नाचात होते. मी त्याच्या घरात गेलो. खाट कोपऱ्याकडं तोंड करून टाकलेली. मी मडक्याजवळ बसायला गेलो तर त्यानं काठी आडवी केली.

"तिथं नको बसू बाबू. ते बसली हाय."

कोण, म्हणून मी विचारलं.

"त्याची माय. पोट्टा इथं हाय तर माय कुठं जाईन? रोज येते. मी गल्लीत रस्ता देतो ना, आतं तिलेच देतो." तो दोनदा खोकला. "लय नेटकी बाई हाय. बसाच्या आधी हातानं जागा झाडते. तीन डाव. आन् मंग हात पदराले नाही पुसत, डोक्याले पुसते."

आई तशीच बसायची. देवळात, शेताच्या धुऱ्यावर, दवाखान्याच्या बाकड्यावर, आधी हातानं तीनदा झाडायची आणि हात केसांना पुसायची. आम्ही तिला चिडवायचो. हे मी या गावात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं काही कारणच नव्हतं. मी त्या कोपऱ्याकडं बघितलं. खोलीतली बाकीची जमीन धुळीनं भरलेली होती. मडक्याजवळ ताटाएवढी जागा स्वच्छ होती.

"आजा," मी म्हटलं, "चिंधू मीच आहे."

तो डोळे मिटून पडला. मला वाटलं झोपला.

"मले ठावं होतं," तो म्हणाला. "तुह्या तोंडून पायजे होतं."

मी रडलो. चार वर्षांचं सगळं तिथं, त्या खाटेपाशी रडलो, आणि बाहेर ढोल वाजत होते. मग त्यानं मला मडकं न्यायला सांगितलं. वाटेत कोनी हाक मारली तर वळू नको, ओ देऊ नको. पाणी रोज बदल, पण डोळे मिटून, मडक्याच्या तोंडावर हात ठेवून. आत बघू नको. त्या संध्याकाळी शेवंतानं दोन माणसांच्या हातांवर त्याला बाहेर आणला आणि तो गावाच्या पंगतीत बसला. सगळं कळल्यावरही शेवंतानं मला एका शब्दानं बोल लावला नाही. ते मला जास्त लागलं. मी एसटीत मडकं मांडीवर घेऊन साकोलीला आलो. मागच्या सीटवरून कुणीतरी चिंधू म्हणून हाक मारली. किती वर्षांनी ऐकत होतो तो आवाज. मी समोरच्या सीटची दांडी धरून बसून राहिलो.

बायकोला मी काय सांगितलं आणि ती काय बोलली, ते जाऊ द्या. मडकं देवघराशेजारी ठेवलं. डोळे मिटून पाणी बदलायचो तेव्हा बोटांना काहीतरी लागून जायचं, लहान, गार. आठवड्यानं बायको म्हणाली, हा कोपरा रोज कोण झाडतं, मी तर हात लावत नाही. मला फार बरं वाटत होतं.

आजा पंधरा दिवसांत गेला.

दिवस झाल्यावर गाव बोडीवर गेलं. पाहुण्यांचा दिवस होता, पण त्या रविवारी समितीनं सहल बंद ठेवली. मी मागं उभा राहिलो. शेवंतानं हाक मारली, मग तिच्या बापानं, मग एकेक करून सगळ्या घरानं. मडकं बुडायचं आणि नुसतं पाणी घेऊन वर यायचं. दुपार झाली, तिसरा प्रहर झाला. बोडीत मासे दिसत होते, मडक्यात एक येत नव्हता. शेवंता पाण्यातच उभी राहून रडायला लागली. आजाले घेतलं नाही त्याइनं, म्हणाली. ते ऐकून मी तिथून निघालो. माझ्यामुळंच झालं होतं ते.

घरी येऊन पाणी बदलायला बसलो. डोळे मिटले, मडकं कलतं केलं, तोंडावर हात धरला. बोटांना एक लागून गेली. आणि तिच्यामागून आणखी एक.

मी डोळे उघडले. बोटाएवढ्या दोन मासोळ्या, एकसारख्या. मडक्याशेजारी फरशीवर ओंजळभर पाणी सांडलेलं होतं, आणि ते मी सांडलं नव्हतं.

शेवंताला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, उद्या येतो आमी. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-दहा माणसं जीपमधून आली आणि माझ्या दुकानावरच्या दोन खोल्यांत दाटीवाटीनं उभी राहिली. तिनं मला विचारलं, यातला आजा कोन्ता आन् तुम्ही कोन्ते? मला सांगता येईना. मग तिनं मडक्यावर वाकून हाक मारली. आजा, चाल घरी. एक मासोळी वर आली. शेवंतानं ती ओंजळीत घेतली, आपल्या मडक्यात सोडली, झाकण ठेवलं, आणि सगळे मागं न बघता जिना उतरून गेले. गावानं त्याला पुरख्यांत मिळवलं. मोठं गावजेवण झालं. शेवंता कितीतरी दिवसांनी हसली.

दोन दिवसांनी आमच्या कोपऱ्यात धूळ दिसली. चौथ्या दिवशी मुंग्या. मी वाट बघितली. जागा कुणी झाडली नाही. पण रोज जेवणाच्या वेळी मडक्याजवळ ओंजळभर पाणी सांडलेलं असायचं, आणि मी पाणी बदलायला बसलो की आत काहीतरी दोनदा हलायचं, खोकल्यासारखं.

मी पुढच्या रविवारी गावात गेलो. शेवंता मला आजाच्या घरात घेऊन गेली. कोपऱ्यात पुरख्यांच्या जागी मडकं, आणि त्याच्यापुढं ताटाएवढी स्वच्छ जागा. ती म्हणाली, कोन झाडून ठेवते काही कळत नाही. आजा तर कधी झाडत नोता.

एक वाक्य बोलायचं होतं. पण गाव शांत झालं होतं, ती पोरगी शांत झाली होती, तिचा आजा तिला मिळाला होता.

"आता झाडत असेल," मी म्हटलं.

साकोलीत मी आजाला रोज पाणी देतो. पहिला घोट त्याचा, मग माझा. आणि रविवारी गटाच्या पुढं आता मीच चालतो, त्याची दुसरी काठी घेऊन. त्या गल्लीत आलो की काठी आडवी धरतो, पाहुण्यांना भिंतीला टेकायला लावतो. ते हसतात, हसू देत. समोर कुणी दिसत नाही. कोपराला पदर घासून जावा तसं काहीतरी लागतं. मी हळूच आई म्हणतो.

ती थांबत नाही. तिला घाई असते, पोरगं आत एकटं आहे ना.